उन्हाळ्यात पाणी घातलेली झाडं

निघताना अण्णांनी माझ्या हातात छत्री दिली. नोव्हेंबर महिना, दिवाळी होऊन गेलेली, आणि जतच्या एसटी स्टँडवर ऊन असं की कट्ट्यावर बसवत नव्हतं. सांगली जिल्ह्याच्या त्या टोकाला पाऊस येतो तो परतीचा, भाद्रपदात नाहीतर आश्विनात, आणि तोही आला तर. छत्री आमच्या घरात एकच होती. आई म्हणाली, "कार्तिकात छत्री घेऊन निघालेली पोरगी बघून लोक हसतील." अण्णा म्हणाले, "हसू देत. कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो. सुमे, छत्री वर ठेव, बॅगेच्या तळाला घालू नकोस." आईने शेंगदाण्याच्या चटणीचा डबा तळाला घातला आणि छत्री वर आली. लोक हसलेच.

अण्णा, माझे वडील, हायस्कुलात भूगोल शिकवायचे. मीही त्यांच्याच वर्गात होते आणि इतरांसारखीच उभं राहून पाठ म्हणायचे: भूमध्य सागरी हवामान, उन्हाळे उष्ण व कोरडे, हिवाळे सौम्य व पावसाचे. जगाच्या नकाशावर ते पट्टीच्या टोकाने पाच जागा दाखवायचे, त्यातली एक कॅलिफोर्निया. त्यांनी स्वतः समुद्र पाहिला होता तो शाळेच्या सहलीबरोबर रत्नागिरीला, एकदा. लग्न ठरवताना मुलगा कॅलिफोर्नियात असतो हे कळलं तेव्हा त्यांनी पगार किंवा गोत्र विचारायच्या आधी, "किनाऱ्यापासून किती आत?" असं विचारलं होतं. मध्यस्थ गोंधळून गेले होते.

सॅन फ्रान्सिस्कोला उतरले तेव्हा पाऊस पडत होता. शरद, माझा नवरा, लग्न करून चार महिने आधीच कामावर परतला होता. तो विमानतळावर न्यायला आला, पण छत्री न घेता. पार्किंगपर्यंत आम्ही दोघं अण्णांच्या छत्रीतून गेलो. लग्नानंतर इतकं जवळून आम्ही चाललो ते पहिल्यांदाच.

आपल्याकडून अमेरिकेला आलेल्या तुमच्यापैकी जे मिशिगनमध्ये नोव्हायला किंवा ॲन आर्बरला गेलात, त्यांच्या पहिल्या आठवणीत बर्फ असतो. फोनवर तुमच्या बर्फाच्या गोष्टी ऐकून मला थोडा हेवाही वाटायचा, कारण सांगायला तुमच्याकडे काहीतरी वेगळं होतं. माझ्या आठवणीत गवत आहे. सॅन होजेच्या भोवतीचे डोंगर फेब्रुवारीत हिरवे होते आणि मे महिन्यात वाळून पिवळे पडले. इथले लोक त्याला सोनेरी म्हणतात. मला ते थेट आमच्या चैत्रातल्या माळासारखे दिसले. घरची आठवण येऊन डोळे भरले वगैरे काही झालं नाही. एवढं लांब येऊन पुन्हा जतच वाट्याला आलं की काय, एवढंच मनात आलं.

मी कोल्हापूरला वनस्पतिशास्त्रात एमएस्सी केलं होतं. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. घर शरदच्या नोकरीचं, गाडी शरदच्या नोकरीची, आणि मीही शासकीय भाषेत त्याच्या नोकरीवर अवलंबून. दुसऱ्या वर्षी सार्वजनिक वाचनालयाच्या फळ्यावर हाताने लिहिलेला कागद दिसला: डोंगरावर ओक लावायला माणसं हवीत, मोबदला नाही. शरद म्हणाला, "वीकेंडचे सगळे प्लॅन कॅन्सल करून फुकट खड्डे खणणार? ठीक आहे यार, तुला ड्राइव्ह मी करतो." पुढे महाराष्ट्र मंडळाच्या जेवणाला सुलभाकाकूंनी सगळ्यांदेखत विचारलं, "एवढं शिकून डोंगरावर खुरपणी करतेस म्हणे?" मी म्हटलं, "खुरपणीला वर्क परमिट लागत नाही, काकू."

तो कागद मार्थाने लिहिलेला होता. मार्था सत्तरीची, उंच, नवऱ्याची जुनी हॅट घालणारी विधवा. शहराबाहेर तासाभरावर तिचं गुरांचं रान होतं, ती आणि तिचा भाऊ हॅरल्ड यांच्या सामाईक मालकीचं. शंभरेक वर्षं त्या उतारावर गुरं चरली. सरपणासाठी ओक तुटले. उरले ते म्हातारे, आणि त्यांच्याखाली एकही तरणं झाड नाही, कारण उगवलेलं प्रत्येक रोप गुरं खायची. गवतही मूळचं नव्हतं. स्पॅनिश लोकांच्या गुरांबरोबर आलेलं ते बाहेरचं गवत वसंतात जमिनीतली ओल पिऊन टाकायचं आणि मरून जायचं. उघड्या मातीला पावसाने घळी पाडल्या होत्या. मार्थाचं म्हणणं, एक उतार तरी पुन्हा होता तसा करून मरायचं. हॅरल्डला तो उतार चराईला भाड्याने द्यायचा होता. शेवटी बहीणभावांत ठरलं ते असं: मार्थाने कुंपण घालावं, तीन उन्हाळे थांबावं, आणि तिसऱ्या उन्हाळ्याअखेर हॅरल्डने येऊन बघावं. झाडं जगलेली दिसली तर कुंपण राहील. नाहीतर गुरं आत येतील.

पहिल्या नोव्हेंबरात आम्ही सात-आठ जण होतो. जानेवारीपर्यंत मार्था आणि मी उरलो.

काम सोपं होतं आणि माझ्या अंगाला अजिबात पटणारं नव्हतं. त्याच उतारावरच्या म्हाताऱ्या ओकांची फळं गोळा करायची, पलीकडच्या खोऱ्यातलीसुद्धा चालत नाहीत. ती बादलीभर पाण्यात टाकायची. तरंगतील ती पोकळ, बुडतील ती पेरायची. पहिला पाऊस पडून माती ओली झाली की आडवी ठेवून बोटाच्या पेराएवढी खोल पुरायची, वरून जाळीचा पिंजरा. हे सगळं नोव्हेंबरात. हिवाळ्याच्या तोंडावर पेरताना मला दर वेळी आपण काहीतरी उलटं करतोय असं वाटायचं. आणि मग सगळ्यात कठीण नियम: उन्हाळ्यात पाणी घालायचं नाही. ओकचं मूळ ओलीमागे खोल जातं, खोल गेलं तरच जगतं. वर पाणी मिळालं की ते वरच राहतं. शिवाय ओल्या मातीत तण माजतं आणि गोफर येतात. गोफर म्हणजे घुशीसारखा, जमिनीखालून येऊन मुळं कुरतडणारा प्राणी.

इथल्या कार्यक्रमांत आपल्यासारख्यांना झाडांची उपमा द्यायची फार हौस असते. मुळं, रोपं, नवी माती, टाळ्या. मी ती झाडं लावली आहेत, त्यामुळे माझा त्या उपमेवर विश्वास नाही. असा ओक उपटून दुसरीकडे लावला की बहुधा मरतो. आपण काही मेलो नाही. आपण उतरलो, ड्रायव्हिंग लायसन्स काढलं, कढीपत्त्याला पर्याय शोधला आणि कामाला लागलो.

तरी एक कबूल करते, त्या उतारावर माझा जीव होता. सातबाऱ्यावर, म्हणजे तिथे जे काही असेल त्यावर, माझं नाव नव्हतं. पण अमेरिकेत मी स्वतः सुरू केलेलं तेवढंच होतं. तो गेला असता तर मी पुन्हा अपार्टमेंटच्या खिडकीत येऊन बसले असते, आणि तिथून दिसायचं ते पार्किंग.

तिसऱ्या उन्हाळ्याआधीच्या हिवाळ्यात जतला आई गेली. आमच्या ग्रीन कार्डचे कागद अशा टप्प्यावर होते की देश सोडला तर परत येता येईल याची खात्री नव्हती. मी गेले नाही. तार आली त्या दिवशी मी स्वयंपाक केला, जेवले, भांडी घासली. रडू आलं ते बऱ्याच दिवसांनी, दुकानात शेंगदाणे घेताना. भाऊ नोकरीला बाहेरगावी, अण्णा घरात एकटे पडले, म्हणून मे महिन्यात आम्ही त्यांना बोलावून घेतलं.

अण्णा आले तेव्हा डोंगर पिवळे पडत होते. गाडीच्या खिडकीतून ते बघत राहिले आणि समाधानाने म्हणाले, "बरोबर आहे. उन्हाळे उष्ण व कोरडे." पुढचे काही दिवस ते रोज सकाळी आकाश बघायचे आणि ढग नाही हे बघून खूश व्हायचे. पुस्तक खरं निघालं होतं. आईबद्दल ते काही बोलत नसत. मी विचारलं की म्हणायचे, "ते तिकडे गेल्यावर."

त्यांना घरात एकटं ठेवणं बरं वाटेना, म्हणून मी त्यांना डोंगरावर नेऊ लागले. पांढरी टोपी, शरदची जुनी पँट, पायांत कॅनव्हासचे बूट. मार्थाशी त्यांची पहिल्या दिवशीच गट्टी जमली. त्यांचं इंग्रजी पुस्तकातलं. "मॅडम, धिस स्लोप इज फेसिंग व्हिच डायरेक्शन?" मार्था म्हणाली, उत्तरेकडे. "देन इट इज करेक्ट," अण्णा म्हणाले, आणि उत्तरेच्या उतारावर ओल जास्त का टिकते हे त्यांनी तिला तिच्याच रानात उभं राहून समजावलं. तिने ऐकून घेतलं.

जुलै संपता संपता झाडांनी पानं टाकायला सुरुवात केली. ही ओकची जात कोरड्या वर्षी असंच करते, पाणी वाचवायला उन्हाळ्यातच पानं गाळून गप्प राहते. गुडघ्याएवढी रोपं, पिंजऱ्यात नुसत्या काड्या. अण्णा खाली बसले आणि एका काडीकडे बराच वेळ बघत राहिले.

"सुमे, ही मरायला लागलीत."

मी नखाने साल खरवडून आतला हिरवा रंग दाखवला, मुळांचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं. त्यांनी वर्गातल्या शहाण्या मुलासारखी मान हलवली.

पुढच्या आठवड्यात मी उताराच्या वरच्या अंगाला तण काढत होते. खाली आले तर फाटकाजवळच्या झाडांखाली चिखल. घोड्याच्या हौदाचा नळ फाटकालगत होता. अण्णा दुधाचे रिकामे प्लास्टिकचे कॅन भरून एकेका झाडाला पाणी घालत होते. शांतपणे, घाई नाही, आमच्या परसात घालायचे तसं. मार्था समोरच्या तिच्या घराच्या पायरीवर बसून बघत होती.

मी आधी तिच्याकडे गेले. तिला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, कॅन मीच दिले. त्याने मॅडम म्हणून परवानगी मागितली. मी नाही म्हटलं. तो येस, येस म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. मग मी सोडून दिलं. त्याला काहीतरी करायला हवंय, तुला दिसत नाही?

मग मी अण्णांकडे गेले. "अण्णा, तुम्हीच शिकवलंत ना? उन्हाळे कोरडे. इथल्या झाडांना ते सोसतं. पाणी घालून तुम्ही त्यांचं वाटोळं करताय."

"शिकवलं," अण्णा म्हणाले. "पण झाड समोर वाळतंय, नळाला पाणी आहे, आणि घालायचं नाही, हे कुठल्या धड्यात शिकवलं मी?" त्यांनी कॅन खाली ठेवला. "बहात्तरच्या दुष्काळात तुझी आई भांड्यांचं पाणी साठवून कडुलिंबाला घालायची. प्यायला नव्हतं. मी तिला वेडी म्हणालो होतो. ते झाड आहे अजून."

आई गेल्यापासून ते तिच्याबद्दल पहिल्यांदाच बोलत होते. मला ते आठवत होतं, परसात कडुलिंबाच्या बुंध्याशी राखेचं गढूळ पाणी, आणि मी त्यात पाय घातला म्हणून बसलेली चापटी. मी म्हटलं, "फाटकाजवळची तेवढी घाला. वर येऊ नका." मनात मी ती झाडं त्याच दिवशी वजा केली. मला वाटलं, बाकीची माझी आहेत, ती शिकवल्याप्रमाणे वागतील.

सप्टेंबरच्या सुरुवातीला हॅरल्ड आला. मोठा, घामाघूम, गुडघे दुखत असलेला माणूस. उतार बघण्यासारखा नव्हताच. पिवळं गवत, राखाडी पिंजरे आणि त्यांत काड्या. मी त्याला पहिल्या दहा पावलांवर थांबवलं आणि वाकून साल खरवडून दाखवली. तो वाकला नाही. मी दुसरी दाखवली. तो मार्थाला म्हणाला, मला इथे मेलेल्या काड्या दिसतायत. माझ्या नखात सालीचा कीस अडकला होता, तेवढं आठवतं.

तो वळून फाटकाकडे गेला. तिथे अण्णा उभे होते, टोपी नीट करून, शाळा तपासायला साहेब आल्यासारखे. त्यांच्यामागे फाटकापासून हौदापर्यंत ओळीने झाडं, हिरवीगार, पाणी मिळताच नवी पानं फुटलेली.

हॅरल्ड थांबला. त्याने एका पानाला हात लावून बघितला आणि अण्णांना विचारलं, ही जगलीत?

"येस सर," अण्णा म्हणाले. "ऑल आर प्रेझेंट."

हॅरल्ड हसला. मोठ्याने, पोट धरून हसला. मग गाडीत बसता बसता बहिणीला म्हणाला, ठीक आहे, राहू दे तुझं कुंपण. गाडी धुरळा उडवत गेली. मार्थाने त्या धुरळ्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं, आणि दुधाचे रिकामे कॅन उचलून आत घेऊन गेली. त्या दिवशी तिने आम्हाला जेवायला थांबवलं. अण्णांनी पाव आणि मध खाल्ला.

महिनाअखेर अण्णा परत निघाले. शरद त्यांना म्हणत होता, "अण्णा, तिकीट एक्स्टेंड करू, एवढी काय घाई आहे?" ते म्हणाले, "शरदराव, पितृपंधरवडा आलाय. तिचं पहिलं वर्ष. पाणी द्यायला मी तिथे हवा." विमानतळावर मी त्यांना तीच छत्री दिली. तिकडे परतीचा पाऊस सुरू झाला असेल, अण्णा, छत्री वर ठेवा, म्हटलं. त्यांनी ती काखेत धरली आणि पुन्हा मागे वळून बघितलं नाही. ते गेल्यावर चार-पाच आठवड्यांनी इथला पहिला पाऊस पडला. ज्या पावसावर त्यांनी आयुष्यभर परीक्षेत प्रश्न काढले, तो त्यांनी पाहिलाच नाही. याचं मला वाईट वाटतं. इतर गोष्टींपेक्षा जास्त.

त्या हिवाळ्यात फाटकाजवळच्या भुसभुशीत मातीतून गोफर आले. फेब्रुवारीत मी एका झाडाला हात लावला तर ते दोन बोटांत वर आलं, खाली मूळच नव्हतं. एकेक करून ती सगळी गेली. आणि मार्चअखेर वरच्या उतारावर, ज्यांना हॅरल्डने मेलेल्या काड्या म्हटलं होतं, त्यांना पानं फुटली. आधी तांबूस, मग निळसर हिरवी. काही गेली, पण बहुतेक आली. मार्था आणि मी पिंजऱ्यापिंजऱ्यातून फिरलो. ती रडली. मी रडले नाही, मी गवत उपटत राहिले, पण त्या दिवशी मला फार बरं वाटलं. इतकं बरं या देशात आल्यापासून वाटलं नव्हतं.

गुढीपाडव्याला फोन लावला. जतला तेव्हा फोन शेजारच्या दवाखान्यात होता, अण्णांना बोलावून आणावं लागे. ते आले, दम खाल्ला आणि पहिला प्रश्न, "माझी झाडं?"

खोटं सांगायचं मी ठरवलं होतं. जमलं नाही. "तुमची गेली, अण्णा. वरची आली. तुमची हिरवी दिसली म्हणून वरची राहिली."

लाइनवर खरखर होती. मग अण्णा म्हणाले, "बरोबर आहे. मूळ वरच राहिलं असणार." पुन्हा खरखर. "परत आलो तर नाही घालणार." मग जरा वेळाने, "नाही. घालीनच."

ते परत आले नाहीत. चार वर्षांनी गेले. तेव्हा माझे कागद झाले होते आणि मी वेळेवर पोचले.

आता मार्थाही नाही. तिच्या इच्छेप्रमाणे तो उतार सगळ्यांसाठी खुला झाला आहे. कुंपण काढलं, पिंजरे काढले. झाडं माझ्या डोक्यावर गेली आहेत, आणि त्यांच्याखाली कुणी न पेरलेली रोपं उगवतात. मी मध्ये बरीच वर्षं याच कामाची नोकरी केली, पगार घेऊन, परमिट असताना. सुलभाकाकू नातवंडांना घेऊन तिथे फिरायला येतात आणि ही झाडं आमच्या सुमाने लावली म्हणून सांगतात. जतला भावाने घर पाडून नवं बांधलं. कडुलिंब ठेवला आहे, पार्किंगची भिंत त्याला वळसा घालून गेली. मी तिथे हिवाळ्यात जाते आणि सकाळी उठून सवयीने पाऊस आहे का बघते. इथे जून उजाडला की पश्चिमेकडे बघते. दोन्हीकडे आकाश कोरडं असतं.

घर कुठलं, असं तुम्ही तिकडे राहिलेले विचारता, आणि इकडे आलेले आपण तर एकमेकांना विचारतच असतो. माझ्यापुरतं सांगते. जतला कुठल्या झाडाला कधी पाणी घालायचं ते मला कुणी शिकवावं लागलं नाही. इथे घालायचं नाही, ते मी शिकले, आणि आता तेही अंगात आहे. तरी फाटकाजवळची जागा मी मोकळी ठेवली आहे. मार्थाने दोनदा सांगूनही तिथे पुन्हा पेरलं नाही.

दर भाद्रपदात, पितृपंधरवड्यात, मी दुधाचा एक रिकामा कॅन घरून भरून नेते आणि तिथे ओतते. माती इतकी तापलेली असते की पाणी टेकतं न टेकतं तोच नाहीसं होतं. मागच्या वर्षी माझी मुलगी मीरा बरोबर होती. ती इथेच वाढलेली, आजोबांना फोटोतून ओळखणारी. तिने माझ्याकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं.

"आई, देअर्स नथिंग देअर. पाणी कशाला घालतेस?"

"काही नाही ना," मी म्हटलं, "म्हणून तर घालता येतं."